१९९९ ची मियाटा, ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं: रोटर बदलण्याआधी काय तपासू?

दख्खनी_ड्रायव्हर (डेट्रॉइटजवळ)

मंडळी, गाडी १९९९ ची माझदा एमएक्स-५ मियाटा. इंजिन १.८ लिटर, पुढचे रोटर (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची लोखंडी चकती, म्हणजेच डिस्क) २५५ मिलिमीटरचे, मागचे २५१ चे, चारही चाकांना डिस्क. इकडे हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं. मी ही गाडी थंडीत बाहेर काढत नाही, पण आधीचा मालक काढायचा हे खालून एकदा नजर टाकली की कळतं.

लक्षण असं आहे. ताशी ११० वरून ब्रेक दाबला की ९० ते ७० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरतं आणि पेडल पायाला ठोके देतं. गावातल्या वेगात काही जाणवत नाही. ब्रेक न दाबता महामार्गावर गाडी एकदम शांत चालते, म्हणून चाकांच्या बॅलन्सिंगचा प्रश्न मी बाजूला ठेवलाय.

गेल्या वर्षी एका दुकानाने याच तक्रारीवर पुढचे रोटर लेथवर तासून दिले होते. उन्हाळाभर गाडी छान चालली, पानगळीत थरथर परत आली. आता दुसऱ्या दुकानात दाखवली तर म्हणाले, 'चारही रोटर वाकलेत, कॅलिपरही (रोटरवर पॅड दाबणारा चिमटा) बदलून टाका.' हजार डॉलरच्या वरचा आकडा सांगितला, आणि एकही चाक खाली उतरवलं नव्हतं.

काम घरी करायचं ठरवलंय. जॅक, चार जॅक स्टँड, टॉर्क पाना, सॉकेटचा संच आहे. पॅड आधीही बदललेत, रोटर मात्र पहिल्यांदाच. ऑर्डर देण्याआधी काय काय बघावं? आणि भोकं पाडलेले, चर पाडलेले रोटर घेण्यात काही अर्थ आहे का?

शिरोलीकर (कोल्हापूर)

ऑर्डर थांबवा. आधी मोजा.

मी फाउंड्रीत आयुष्य काढलंय, ब्रेक ड्रम आणि डिस्क दोन्हीचं कास्टिंग केलंय. 'रोटर वाकला' हे वाक्य दुकानात रोज ऐकू येतं, पण रस्त्यावरच्या गाडीत रोटर खरोखर वाकण्याचे प्रसंग फार थोडे. बहुतेक वेळा होतं ते असं: रोटरची जाडी फिरताना सगळीकडे सारखी राहत नाही. एका जागी एक-दोन शंभरांश मिलिमीटरने जाड, दुसऱ्या जागी तेवढाच पातळ. म्हणजे ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही, पण ब्रेक दाबल्यावर कॅलिपरमधला, पॅड ढकलणारा पिस्टन प्रत्येक फेरीला आत-बाहेर ढकलला जातो आणि पेडल उडतं.

ही जाडी बिघडते कशाने? नीट लक्ष द्या, कारण तुमच्या गेल्या वर्षीच्या अनुभवाचं उत्तर इथेच आहे. रोटर हबवर, म्हणजे चाक आणि रोटर ज्यावर बसतात त्या मधल्या भागावर, तिरका बसला की फिरताना डावी-उजवीकडे डुलतो. त्याला रनआउट म्हणतात. नुसत्या डुलण्याने लगेच काही जाणवत नाही, कारण कॅलिपर सरकता असतो, तोही सोबत हलतो. पण ब्रेक सोडलेला असताना रोटरचा तोच उंच भाग प्रत्येक फेरीला पॅडला घासून जातो. हजारो किलोमीटर हे चालू राहिलं की तिथे लोखंड झिजतं, नाहीतर पॅडचा माल चिकटून बसतो. मग थरथर सुरू.

दुकानाने रोटर काढून स्वतंत्र लेथवर तासला, म्हणजे रोटर स्वतःपुरता सरळ झाला. पण हबच्या तोंडावर गंज तसाच राहिला असेल तर परत बसवताना तो पुन्हा तिरकाच बसला. काही महिने जाडी सारखी होती तोवर गाडी छान चालली. नंतर जे व्हायचं ते झालं.

म्हणून तीन मापं घ्या. जाडी, जाडीतला फरक आणि रनआउट. जाडीला मायक्रोमीटर आणि रनआउटला डायल गेज लागेल. दोन्ही मिळून एका रोटरच्या किमतीच्या आसपास येतात आणि जन्मभर पुरतात.

मेधा_म्युनिक

शिरोलीकर काकांना पूर्ण अनुमोदन. माझ्याकडे पहिल्या पिढीची एमएक्स-५ आहे, १.६ वाली, तिचे रोटर तुमच्याहून लहान: पुढे २३५, मागे २३१. त्यामुळे पार्ट मागवताना 'मियाटाचे रोटर' एवढ्यावर जाऊ नका. १.६ चे, १.८ चे आणि पुढे २००१ पासून काही गाड्यांना आलेले मोठे ब्रेक, तिन्ही वेगळे आहेत. जुन्या गाडीवर आधीच्या मालकाने काही बदललेलंही असू शकतं. रोटर हातात घेऊन व्यास मोजा.

व्हर्निअरबद्दल एक सांगते. झिजलेल्या रोटरच्या बाहेरच्या काठाला पॅड पोचत नाही, तिथे न झिजलेली कड उभी राहते. व्हर्निअरचे जबडे त्या कडेवर टेकतात आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. मायक्रोमीटर नसेल तर घासलेल्या भागावर दोन्ही बाजूंना एकेक नाणं ठेवा, नाण्यांसकट मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. रोटर काढायचा की ठेवायचा एवढं यातून नक्की कळतं. शिरोलीकर काका म्हणतात तो बारीक फरक मात्र यात सापडणार नाही, त्याला मायक्रोमीटरच हवा.

आणि रोटरची आतली बाजू बघा! चाकाच्या आऱ्यांतून दिसते ती बाहेरची बाजू. आमच्याकडे दर दोन वर्षांनी गाडीची सरकारी तपासणी होते. एका खेपेला तपासणाऱ्याने गाडी रोलरवर घेतली आणि मागचा एक ब्रेक जवळजवळ काही करत नाही असं दाखवलं. बाहेरून तो रोटर चकचकीत होता. आतून घासपट्टीची अर्धी रुंदी गंजाने खाल्ली होती, कारण कॅलिपरची पिन जाम होऊन आतला पॅड नीट दबतच नव्हता. हलक्या गाडीत मागच्या ब्रेकवर आधीच भार कमी, त्यात गाडी महिनोन् महिने उभी. मागचे रोटर झिजून जाण्याआधी गंजूनच जातात.

दख्खनी_ड्रायव्हर

तुमचं वाचून गाडी स्टँडवर घेतली आणि मायक्रोमीटर आणला. पुढचा नवा रोटर २० मिलिमीटरचा असतो आणि किमान मर्यादा १८ ची. ती रोटरच्या टोपीवर (मधला उंच भाग) ओतीव अक्षरांत आहे, वायर ब्रश मारल्यावर वाचता आली.

पुढचा डावा: सर्वांत पातळ जागी १७.८४, सर्वांत जाड जागी १७.८७.
पुढचा उजवा: १८.०५ ते १८.०७.
मागच्या दोन्हींची जाडी मर्यादेच्या आत आहे, पण मेधाताई म्हणाल्या तेच निघालं. मागच्या डाव्याच्या आतल्या बाजूला गंजाचे पापुद्रे आणि नखाला अडकतील असे चर.

म्हणजे पुढचा डावा मर्यादेखाली गेलाच आहे. शिरोलीकर काका, डावा एकटा बदलला तर?

शिरोलीकर (कोल्हापूर)

नाही. एका आसावरचे दोन्ही एकदम. एका बाजूला नवा, दुसऱ्या बाजूला झिजलेला असला की दोन बाजू वेगवेगळ्या तापतात, पकड वेगळी पडते आणि जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते. उजव्यात राहिलंय तरी किती? अर्ध्या दशांशाएवढं. मागचेही दोन्ही बदला.

डाव्यातला फरक ०.०३ आहे. तुमची थरथर इथेच बसलेली आहे.

ही १८ ची मर्यादा काय असते तेही सांगतो, कारण पुष्कळ लोक 'अजून एक उन्हाळा चालेल' म्हणतात. रोटर म्हणजे उष्णता साठवायचं भांडं. तुमची गाडी माणसासकट साधारण ११३० किलो धरा. ताशी ११० वरून थांबायचं म्हणजे सुमारे ५२५ किलोज्यूल ऊर्जा जिरवायची. त्यातला ७० टक्के भार पुढे गेला तर पुढच्या प्रत्येक रोटरच्या वाट्याला १८० च्या वर येतात. रोटर साडेचार किलोचा धरला तर एकाच दमदार ब्रेकमध्ये त्याचं तापमान ८० ते ९० अंशांनी चढतं. घाटात लागोपाठ पाच-सहा वेळा दाबा आणि हिशेब करा. २० चा रोटर १८ वर आला म्हणजे घासपट्टीवरचं साधारण साडेचारशे-पाचशे ग्रॅम लोखंड गेलं. दहावा हिस्सा. तेवढीच उष्णता कमी लोखंडात. वर दोन्ही बाजूंच्या भिंती पातळ झाल्या, मधल्या हवेच्या पंख्यांवर ताण वाढला. शिवाय पिस्टन तेवढा जास्त बाहेर येऊन काम करतो. पॅडही संपत आले असतील तर तो पार टोकाला.

आता भोकं आणि चर. भोकांचे रोटर रेसिंगमधून आले. जुन्या काळचे पॅड तापले की त्यातून वायू निघायचा आणि पॅड आणि रोटर यांच्यात त्याची गादी तयार व्हायची, ती फोडायला भोकं. आताच्या पॅडमध्ये तो प्रश्न फारसा उरला नाही. भोकाच्या काठापासून तडे मात्र आजही जातात, मी भट्टीत परत आलेल्या भंगारात ते पुष्कळ पाहिलेत. भोक पाडलं म्हणजे लोखंडही कमी केलं. तुमच्या गाडीला साधे, सपाट, चांगल्या फाउंड्रीचे रोटर घ्या. ट्रॅकवर जाणारे मियाटावालेसुद्धा साधेच वापरतात.

पैसे घालायचे तर लेप असलेल्या रोटरवर घाला. जस्त-ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांचा राखाडी लेप येतो, त्याने टोपी आणि काठ गंजत नाहीत. घासपट्टीवरचा लेप पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो, तो जायलाच हवा. मिठाच्या मुलखात हा खर्च वसूल होतो.

सांजवेळ_फ्रीमाँट

कॅलिफोर्नियातून लिहितोय, गाडी होंडा एस२०००.

पॅडबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. नव्या रोटरवर जुने पॅड लावू नका. जुन्या पॅडवर जुन्या रोटरचे चर उमटलेले असतात, ते नव्या रोटरवर फक्त उंचवट्यांवर टेकतील. पॅडच्या काठावर किंवा पाठीवर कोड छापलेला असतो, त्याच्या शेवटी दोन अक्षरं. पहिलं अक्षर थंड असतानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्या वर. 'एफई' दिसलं तर तापल्यावर पकड उतरते. आपल्या वापराला 'एफएफ' बघून घ्यावा. खोक्यावरची 'परफॉर्मन्स', 'सिरॅमिक' ही विशेषणं जो तो आपल्या सोयीने वापरतो.

त्याच काठावर ए, बी किंवा एन असंही अक्षर दिसेल, ते तांब्याच्या कायद्याचं. ब्रेकच्या धुळीतलं तांबं पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात जातं आणि माशांना बाधतं. म्हणून इकडे २०२१ पासून पॅडमध्ये ५ टक्क्यांहून कमी आणि २०२५ पासून ०.५ टक्क्याहून कमी तांबं असं बंधन आहे. सगळ्या देशात बहुतेक हाच माल जातो.

रोटर काढताना: होंडात रोटर हबला दोन स्क्रूंनी धरलेला असतो आणि ते हमखास जाम होतात. ज्यांच्या गाडीत असे स्क्रू असतील त्यांनी साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर घेऊन झटापट करू नये. हे जपानी मापाचे स्क्रू, त्यांचा खाचा थोडा वेगळा. जपानी मापाचा बिट आणि हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. फटक्याने बिट आत दबतो आणि त्याच क्षणी फिरतो. खाचा घसरला की ड्रिलशिवाय गत्यंतर नाही.

दख्खनी_ड्रायव्हर

लेप असलेले साधे रोटर चारही आणि 'एफएफ'चे पॅड मागवले. काम शनिवारी. मागच्या कॅलिपरचा पिस्टन आत कसा ढकलायचा? दुकानात भाड्याने मिळणारं फिरवून दाबायचं हत्यार लागेल का?

मेधा_म्युनिक

थांबा, थांबा. मागच्या पिस्टनला क्लँपही लावू नका आणि ते फिरवायचं हत्यारही नको. या गाडीत वेगळी सोय आहे, आणि ती माहीत नसल्याने लोक चांगले कॅलिपर फोडतात.

आधी हँडब्रेक पूर्ण सोडा. म्हणजे गाडी गिअरमध्ये आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे. मग कॅलिपरच्या पाठीमागे १४ च्या पान्याचा एक बोल्ट दिसेल. तो खरं तर नुसतं झाकण आहे. तो काढला की आत खोलवर ४ मिलिमीटरची ॲलन की बसेल असा स्क्रू सापडतो. की उलटी, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध फिरवत जा, पिस्टन आपोआप आत जातो. जोर लावायची गरज पडत नाही. जोर लागत असेल तर थांबा, हँडब्रेकची केबल ताणलेली असेल किंवा आत गंज असेल.

नवे पॅड, नवा रोटर, कॅलिपर सगळं बसल्यावर तीच की सुलटी फिरवायची, पॅड रोटरला टेकून रोटर हाताने फिरेनासा होईपर्यंत. तिथून एक तृतीयांश फेरा मागे. झाकणाचा बोल्ट परत लावा. हे मागे घेणं चुकलं तर ब्रेक घासत राहतील, आणि टेकवणं चुकलं तर हँडब्रेक छतापर्यंत ओढावा लागेल.

पुढच्या पिस्टनला मात्र साधा सी-क्लँप चालतो. जुना पॅड मध्ये धरा आणि सावकाश दाबा. तिकडे बॉनेटखाली ब्रेक ऑइलच्या डबीवर लक्ष ठेवा, पातळी वर येते. ऑइल रंगावर सांडलं तर रंग उचलतं, लगेच पाणी टाका.

शिरोलीकर (कोल्हापूर)

मेधाताईंनी फार नेटकं सांगितलं. आता रोटर काढण्याचं.

मिठातली गाडी, रोटर हबला धरून बसलेला असणार. गंज सोडवायचं तेल मधल्या गोलाला आणि स्टडच्या (चाकाचे नट बसतात ते बोल्ट) मुळाशी आदल्या रात्री मारून ठेवा, घासपट्टीवर नको. दुसऱ्या दिवशी टोपीवर, दोन स्टडच्या मधोमध, हातोडीचे फटके, रोटर थोडा थोडा फिरवत. सुटत नसेल तर घण घेऊन मागून ठोकत बसू नका. तो मार बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो, आणि तुमच्या पुढच्या हबमध्ये बेअरिंग सीलबंद एकत्र येतं, पूर्ण हब बदलावा लागतो. त्यापेक्षा कॅलिपरचं ब्रॅकेट काढल्यावर नकलवर (हब आणि कॅलिपर धरणारा ओतीव भाग) जी भोकं मोकळी होतात, त्यातून एक लांब बोल्ट आणि नट असा घाला की बोल्टचं टोक रोटरच्या पाठीला टेकेल. नट आवळत जा, रोटर अर्धा फेरा फिरवा, पुन्हा आवळा. काही रोटरच्या टोपीत आटे असलेली दोन भोकं असतात. ती याच कामासाठी, त्यात बोल्ट पिळले की रोटर उचलला जातो.

कॅलिपर ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर (होज) लोंबकळत ठेवायचा नाही. तारेने स्प्रिंगला बांधा.

आणि आता सगळ्यात मोठं काम. हबचं तोंड. नवा रोटर खोक्यातून काढायच्या आधी अर्धा तास यालाच द्या. स्टडच्या भोवतीचा गंज नुसत्या वायर ब्रशने निघत नाही, तिथे पापुद्रा घट्ट बसलेला असतो. स्टडवर चढेल अशी गोल घासणी ड्रिलला लावून मिळते, ती वापरा. मधला उंचवटा, ज्यावर रोटरचं भोक बसतं, त्याच्या मुळाशी कोपऱ्यात गंजाची रिंग असते ती टोकदार पातीने खरवडा. शेवटी सरळ पट्टी तोंडावर आडवी ठेवून उजेड दिसतो का बघा. हबवर ०.०५ चा कण अडकला तर रोटरच्या बाहेरच्या काठावर तो जवळजवळ दुप्पट होऊन येतो, कारण काठ मध्यापासून तेवढा लांब आहे.

बोरीचा_भाट (फोंडा)

मधेच विचारतो, क्षमस्व. माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: इथे गोव्यात बनलेली दोन सीटांची उघडी गाडी, रेनोचं १.२ इंजिन. कंपनी केव्हाच थांबली, पार्ट मिळत नाहीत. पुढचे डिस्क मर्यादेवर आलेत. नवे मिळणारच नसतील तर काय करायचं? इथला लेथवाला म्हणतो, तासून देतो.

शिरोलीकर (कोल्हापूर)

क्षमा कसली, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात अवघड आहे.

मर्यादेवर आलेला डिस्क तासणं म्हणजे मर्यादेखाली नेणं, ते करू नका. लहान कारखान्याने डिस्क स्वतः क्वचितच ओतून घेतलेला असतो, बहुधा दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा घेतलेला असतो. त्यामुळे मापावरून शोधा. बाहेरचा व्यास, जाडी, टोपीची उंची, मधल्या भोकाचा व्यास, स्टड किती आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास. एवढी मापं घेऊन डिस्क बनवणाऱ्यांच्या कॅटलॉगात मापाने शोधता येतं. टोपीची उंची सगळ्यात महत्त्वाची. ती एक मिलिमीटर चुकली की डिस्क कॅलिपरच्या मध्यावर बसत नाही. मधलं भोक थोडं लहान असेल तर चांगला टर्नर ते मोठं करून देईल. मोठं असेल तर नको, कारण रोटर त्या भोकावरच मध्यात बसतो.

अगदीच काही जुळलं नाही तर नवा ओतून घेता येतो. पण पोलादाच्या पत्र्यातून कापलेला डिस्क कोणी देऊ केला तर घेऊ नका. रोटरला करडं बीड लागतं. त्यात ग्राफाइटच्या पाकळ्या असतात, त्या उष्णता झटपट पसरवतात आणि कंप जिरवतात. पोलादाचा डिस्क किंचाळेल आणि तापेल. तुमची मापं इथे टाका, मी बघतो.

दख्खनी_ड्रायव्हर

काम झालं. सविस्तर लिहितो, कारण मधे एक गंमतशीर माप मिळालं.

मागचा डावा रोटर सोडून बाकी तिन्ही हातोडीने सुटले. डावा मात्र काकांच्या लांब बोल्टनेच निघाला. नट आवळताना काही क्षण काहीच हललं नाही, मग 'टक्' आवाज आला आणि हबच्या तोंडावरून नारिंगी भुगा खाली पडला. मागच्याच डाव्या कॅलिपरची खालची पिन कोरडी आणि जाम होती, म्हणून आतला पॅड तिरका झिजलेला. पिन साफ करून सिलिकॉनचं ग्रीस लावलं, रबराची टोपी नवी घातली. कॅलिपर चारही चांगले आहेत, एकही बदलला नाही.

नव्या रोटरवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने धुतलं. पुढचा डावा बसवला, चाकाच्या नटांखाली जाड वॉशर घालून चारही नट हलक्या टॉर्कने आवळले आणि डायल गेज काठापासून एक सेंटीमीटर आत लावला. रनआउट ०.१२. माझदाची मर्यादा ०.१० आहे. रोटर नवा, हब आरशासारखा घासलेला, तरी ०.१२!

मग रोटर काढून एक स्टड पुढे फिरवून बसवला: ०.०९. आणखी एक स्टड पुढे: ०.०४. तिथेच ठेवला आणि रोटर-हबवर पेंटने खूण केली. उजवा पहिल्याच जागी ०.०३ आला.

शिरोलीकर (कोल्हापूर)

फार सुंदर काम केलंत. हबचाही स्वतःचा थोडा डोल असतो आणि रोटरचाही. दोन्ही एकाच दिशेला पडले की बेरीज होते, समोरासमोर आले की एकमेकांना खातात. रोटर फिरवून बसवणं हा त्याचा फुकटातला इलाज आहे. चारही जागी मर्यादेबाहेर असता तर हब किंवा बेअरिंग संशयित. हा ०.१२ तुम्ही न मोजता तसाच सोडला असता तर पुढच्या वर्षी थरथर घेऊन परत इथेच आला असता, आणि लोक म्हणाले असते नवे रोटर भंगार निघाले.

चाकाचे नट इम्पॅक्ट गनने आवळू देऊ नका. तुमच्या गाडीला ८८ ते ११८ न्यूटन-मीटर, समोरासमोरचे नट घेत, दोन टप्प्यांत. कुठल्याही टायरवाल्याकडून गाडी आणली की घरी येऊन ढिले करून पुन्हा आवळा. वेडेवाकडे आवळलेले नट रोटरची टोपी खेचतात.

सांजवेळ_फ्रीमाँट

नवे पॅड रोटरवर रुळवून 'बसवून' घेणं (बेडिंग) विसरू नका. पॅडवाल्याच्या कागदावर जी पद्धत दिली असेल ती आधी. नसेल तर: रिकामा रस्ता, पहिले काही ब्रेक हळुवार. मग ताशी ९५-१०० वरून १५-२० पर्यंत दमदार ब्रेक, चाक लॉक होऊ न देता, गाडी पूर्ण न थांबवता. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक, आठ-दहा वेळा. मग ब्रेक न लावता दहा मिनिटं चालवत ठेवा. उद्देश असा की पॅडच्या मालाचा पातळ, एकसारखा थर रोटरभर पसरावा. तापलेल्या अवस्थेत सिग्नलला पेडल दाबून उभे राहिलात तर पॅड असेल तिथेच त्याचा ठसा उमटतो आणि जाडीत फरक पडायला तिथूनच सुरुवात होते.

ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंय? डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ताजं असताना किमान २०५ अंशांवर उकळतं, पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चं २३० आणि १५५.

दख्खनी_ड्रायव्हर

ऑइल चहाच्या रंगाचं होतं. रविवारी बायकोला पेडलवर बसवून चारही चाकांतून नवीन डॉट ४ खेळवलं, हवा काढली. पेडल आता वरच टणक लागतं. पॅड पहाटे बसवून घेतले. घासपट्टी निळसर-राखाडी, सगळीकडे एकसारखी दिसतेय. ११० वरून दाबलं तर स्टिअरिंग स्थिर. हँडब्रेक मेधाताईंनी सांगितलेल्या एक तृतीयांश फेऱ्यावर बरोबर बसलाय.

थरथर गेली एवढ्यावर मी विश्वास ठेवणार नाही, कारण गेल्या वर्षीही ती गेलीच होती. हिवाळ्याला गाडी झाकायच्या आधी चारही रोटर पुन्हा मायक्रोमीटरने मोजेन आणि आकडे इथे टाकेन.

बोरीचा_भाट (फोंडा)

शिरोलीकर, मापं घेतली. व्यास आणि जाडी मिळाली, टोपीची उंची दोन्ही डिस्कची थोडी वेगळी येतेय. कुठून कुठपर्यंत धरायची?

शिरोलीकर (कोल्हापूर)

डिस्क सपाट फरशीवर टोपी वर करून ठेवा. फरशीपासून टोपीच्या माथ्यापर्यंत, म्हणजे चाक टेकतं त्या तोंडापर्यंतची पूर्ण उंची घ्या. खालची घासपट्टी झिजलेली असल्याने उंची त्या पट्टीपासून मोजली तर दोन डिस्कमध्ये फरक येणारच, आणि त्या उंचीत एका बाजूची झीज मिळवावी लागेल. झीज कळायला काठावरची न झिजलेली कड आणि घासपट्टी यांच्यातलं अंतर डेप्थ गेजने घ्या, दोन्ही बाजूंचं वेगवेगळं. दोन्ही डिस्कचे आकडे पाठवा, आणि मधल्या भोकाचा व्यास गंज खरवडून मगच मोजा.